पंधरावा प्रतिसाद

सुरुवातीलाच सांगून टाकते — मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आठवी ते दहावी. भूत, करणी, अंगात येणं, संकेत मिळणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारते, "त्या वेळी पंखा चालू होता का?" आमच्या इमारतीत एकदा तिसऱ्या मजल्यावर पैंजण वाजतात म्हणून दोघींनी उदबत्त्या लावायला सुरुवात केली होती. मी प्लंबरला बोलावलं, पाइपमधली हवा काढून घेतली, पैंजण बंद! तेव्हापासून मला असल्या गोष्टी सांगायला कुणी फिरकत नाही. आणि आज मीच इथे लिहायला बसले आहे. तेव्हा ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, म्हणजे मला सलग सांगता येईल.

स्थळ — मुकुंदनगर, दुसरा मजला, मागच्या गॅलरीला लागून असलेली आमची छोटी खोली. वेळ — सकाळचे सव्वाअकरा. लख्ख ऊन, खाली भंगारवाला ओरडतोय, शेजारी कुकरची तिसरी शिट्टी. म्हणजे वातावरणनिर्मिती वगैरे काहीही नव्हती.

त्या खोलीत आमचा कॉम्प्युटर आहे. लेक कॉलेजात असताना घेतलेला, जाड पाठीच्या मॉनिटरचा. लेक आता बंगळूरला असते. फोनवर कधीतरी विचारते, "आई, तो अजून आहे?" — एखाद्या दूरच्या आजोबांची चौकशी करावी तसं. आहे! कारण आमचे हे, म्हणजे अविनाश, एका कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर वस्तू सांभाळायचं काम केलेला माणूस कुठलीही वस्तू टाकत नाही. "चालतोय ना? मग?" एवढंच त्यांचं म्हणणं.

आता, चालतोय म्हणजे काय, तेही सांगते. आतल्या घड्याळाची बॅटरी केव्हाच मेली आहे, त्यामुळे रोज सुरू केला की तो एक जानेवारी दाखवतो. हे रोज सकाळी आंघोळ झाली की आधी देवाला फूल वाहतात आणि मग कॉम्प्युटरला तारीख लावतात. इंटरनेटचं म्हणाल तर तो विषयच संपला. तीन-चार वर्षांपूर्वी एकेक साइट उघडेनाशी झाली. आधी बँकेची, मग रेल्वेची, मग पेपरवाले. 'हे पान दाखवता येत नाही', 'ही जोडणी सुरक्षित नाही', नाहीतर नुसताच पांढरा पडदा. नवीन ब्राउझर टाकावा तर तो म्हणतो, तुमचा कॉम्प्युटर जुना आहे. "आम्हाला माहीत आहे ना, तू तुझं काम कर," असं हे त्या पडद्याला सांगायचे.

शेवटी घराला रंग दिला तेव्हा इंटरनेटची वायरच भिंतीतून काढून टाकली. घरात वायफाय आलं, मोबाइलवर सगळं व्हायला लागलं. ती निळी वायर चांगली दहा फूट होती... टाकणार कोण? ह्यांनी ती गॅलरीत दोन खिळ्यांना बांधली. तिच्यावर सध्या पायपुसणी वाळतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला याच वायरीची साक्ष काढायची आहे.

मग कॉम्प्युटरचा उपयोग काय? ह्यांचा पत्त्यांचा खेळ, आणि माझ्या नोटिसा. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. 'टाकीसफाईमुळे गुरुवारी पाणी येणार नाही. बादल्या बुधवारीच भराव्यात. गुरुवारी बेल वाजवू नये.' असलं साहित्य मी त्याच्यावर निर्माण करते.

आता शैलाबद्दल सांगायला हवं. इथे मला जरा थांबावंसं वाटतंय, पण तिच्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

शैला आमची समोरची शेजारीण. दारासमोर दार. अठरा वर्षं आमच्या दोन घरांत मिळून एकच विरजण होतं. तिचा नवरा वसंतराव — टेलिफोन दुरुस्तीतले, अतिशय सज्जन माणूस, खोड एकच. प्रत्येक वस्तूवर स्वतःचं नाव घालायचं! छत्रीच्या मुठीवर, स्टुलाच्या पायावर, टॉर्चच्या आतल्या सेलवरसुद्धा. शैला म्हणायची, "मी झोपले असताना माझ्या कपाळावर घालतील एक दिवस."

त्या काळात पाककृतींची एक मराठी साइट फार जोरात होती. आम्ही दोघी तिथे लिहायचो — ती तिच्या कॉम्प्युटरवर, मी माझ्या. आणि लिहून झालं की दार उघडून एकमेकींना विचारायचो, "वाचलंस का?" एका जानेवारीत मी तिथे गुळपोळीची कृती टाकली. अर्धा किलो गुळाला पाऊण वाटी बेसन. कौतुकाचे बारा प्रतिसाद आले. आणि तेरावा शैलाचा — 'बेसन अर्धी वाटीच हवं. पाऊण वाटीने सारण कोरडं होतं, कडेपर्यंत पसरत नाही. वैजूच्या पोळ्यांच्या कडा मी चहात बुडवून खाते.'

गंमतच केली होती तिने. समोरासमोर म्हणाली असती तर मी तिला लाटणं दाखवलं असतं आणि विषय संपला असता. पण लंडन-अमेरिकेतल्या बायकांसमोर माझ्या पोळीच्या कडांचं उणं काढलं म्हणून माझं डोकं फिरलं. त्याच्या आदल्या वर्षी वसंतरावांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. शैला दिवसभर हॉस्पिटलात आणि मी दोन महिने तिला डबा पाठवत होते. शेजारधर्म, दुसरं काय! पण मी त्या साइटवर, सगळ्यांसमोर, चौदावा प्रतिसाद लिहिला — 'दोन महिने माझा डबा खाताना माझं प्रमाण चुकल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं वाटतं.'

केलेलं बोलून दाखवलं मी. आजही हे वाक्य इथे लिहिताना कानशिलं तापली आहेत.

शैलाने त्यावर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी विरजण मागायला आली नाही. मीही गेले नाही. चूक माझी आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण 'आज जाऊ, उद्या जाऊ' करता करता आठवडा झाला, मग महिना, आणि मग न बोलण्याचीच सवय झाली. जिन्यात भेट झाली की दोघी आपापल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागायचो. पाच वर्षं! आणि माझा तो डबा — स्टीलचा, झाकणावर 'वैजयंती' कोरलेला — तिच्याकडेच राहिला होता. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत. आणि भरून द्यायचा तर बोलायला लागतं. त्यामुळे तो तिथेच.

सहा वर्षांपूर्वी ते वाघोलीला राहायला गेले, मुलाने तिकडे मोठा फ्लॅट घेतला म्हणून. आता वाघोली पुण्यातच आहे असं म्हणतात, पण मुकुंदनगरच्या माणसाला ते परगावच. शनिवार होता. तिचं सामान खाली जात होतं आणि मी माझ्या दाराच्या भिंगातून बघत उभी होते. शेवटी ती कुलूप लावून माझ्या दाराकडे वळली. मिनिटभर उभी राहिली. मी आत श्वास धरून उभी. मग ती गेली. नंतर वर्ष-दोन वर्षांत ती साइटही बंद पडली. सगळ्या कृती, सगळे प्रतिसाद गेले. बाकीच्या हळहळल्या. मी मात्र मनातून सुटले, की चला, तो चौदावा प्रतिसाद जगातून पुसला गेला.

तर आता मूळ गोष्ट. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ह्यांनी जाहीर केलं, "याला रॅम वाढवू या. मग वायर ओढू, मग बघ कसा साइट उघडतो." पेपरात कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं, म्हाताऱ्याला च्यवनप्राश दिला म्हणून तो पर्वती पळत चढणार नाही. पण ह्यांनी पिशवी घेतली आणि मला बरोबर ओढलं.

बुधवार पेठेत एका गल्लीत पाटसकरांचं दुकान आहे. जुने सुटे भाग मिळतात. पाटसकर साठीचे, कपाळावर भिंग चढवलेलं. ह्यांनी कॉम्प्युटरचं वर्ष सांगितलं. पाटसकरांनी भिंग खाली घेऊन ह्यांच्याकडेच नीट बघितलं.

"घरी कुणी विरोध केला नाही?"

"मी केला," मी म्हटलं.

"मग ऐकायला हवं होतं." त्यांनी टेबलाखालून बुटाचं एक खोकं काढलं, त्यात हिरव्या पट्ट्या खच्चून भरलेल्या. दोन-तीन पुसून बघितल्या आणि एक ह्यांच्या हातात दिली. "ही बसेल. पण सांगून ठेवतो — इंटरनेट याने उघडणार नाही. फक्त तुमचं समाधान होईल. आणि विकलेला माल परत घेतला जात नाही."

"पाटी लावली आहे की तशी," मी म्हटलं.

"लोक वाचत नाहीत."

घरी येऊन ह्यांनी रॅम बसवली. "याच्या लेबलवर कुणीतरी बॉलपेनने खरडलंय," म्हणाले. मी म्हटलं, दुकानाची खूण असेल. कॉम्प्युटर सुरू झाला, एक जानेवारी दाखवली, आणि पूर्वी चहा होईपर्यंत वेळ घ्यायचा तो आता चहाला उकळी येईपर्यंत घ्यायला लागला. ह्यांना तेवढ्यानेही आनंद झाला.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी हे कोथिंबीर आणायला खाली गेले आणि मी टाकीसफाईची नोटीस लिहायला बसले. माउस हातात घेतला आणि सवयीने — इतक्या वर्षांनी, कसलाही विचार न करता — इंटरनेटच्या त्या निळ्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. 'हे पान दाखवता येत नाही' येणार, मी ते बंद करणार, असंच मनात.

पडदा पांढरा झाला. मग फिकट हिरवा. मग वरच्या कडेला ओळीने लाल मिरच्या उमटायला लागल्या.

तीच साइट! बंद पडलेली. त्या मिरच्या मी कुठेही ओळखीन. आणि खाली — 'गुळपोळी : खुसखुशीत, पुणेरी. लेखिका : वैजयंती.' पाऊण वाटी बेसन. बारा कौतुकं. तेरावा शैलाचा. चौदावा माझा... मला तो वाचवेना, म्हणून मी पान भराभर खाली ओढलं.

तर त्याच्याखाली पंधरावा होता.

'वैजू, तुझा डबा माझ्याकडेच राहिलाय. रिकामा देववत नाही, आणि भरून आणला तर तू दार उघडशील की नाही माहीत नाही. पाऊण वाटीच बरोबर आहे. मी करून पाहिलं. आम्ही शनिवारी वाघोलीला चाललो. — शैला'

प्रत्येक प्रतिसादाच्या शेजारी तारीख असायची. याच्याशेजारची जागा मोकळी होती.

तेवढ्यात हे आले, कोथिंबिरीची जुडी हातात, आणि माझ्या मागे उभे राहून त्यांनी सगळं मोठ्याने वाचलं. म्हणजे भास नाही — साक्षीदार आहे! मग गॅलरीत जाऊन बघून आले. "वायरीवर पायपुसणी आहेत," म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरका झाला होता.

"फोटो काढा," मी म्हटलं.

त्यांनी मोबाइलने तीन फोटो काढले. त्या जुन्या मॉनिटरचा फोटो काढला की मधोमध काळे पट्टे येतात, हे ज्यांच्याकडे असा मॉनिटर होता त्यांना माहीत असेल. तिन्ही फोटोंत मिरच्या छान आल्या आहेत, प्रतिसादाच्या जागी काळा पट्टा. "थांब, जरा ताजं करून घेतो," असं म्हणून मी नको-नको म्हणेपर्यंत ह्यांनी पान परत उघडायचं बटण दाबलं. पांढरा पडदा. 'हे पान दाखवता येत नाही.' त्यानंतर आजतागायत दाखवता आलेलं नाही.

एरवी मी ह्यांना चांगलं सुनावलं असतं. पण माझं लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती — शैलाने हे जाण्याआधी लिहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी! मी लाजेपोटी त्या पानाकडे पुन्हा फिरकलेच नाही, आणि ती बिचारी माझ्या उत्तराची वाट बघून गेली. त्या शनिवारी ती माझ्या दारासमोर उभी राहिली ती त्यासाठी. मी आत होते. मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"पान कसं उघडलं ते शोधायला हवं," हे म्हणाले.

"ते तुम्ही शोधा. मी गूळ किसते."

रिकाम्या हाताने कसं जाणार? पावसाळ्यात गुळपोळ्या करणारी मी पुण्यातली पहिलीच बाई असेन. वाण्यानेसुद्धा विचारलं, "आत्ता तीळ?" आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, ह्यांनाही नाही. भांडणानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला मी गुपचूप अर्धी वाटी बेसन घालून बघितलं होतं. शैलाचं बरोबर होतं. सारण अगदी कडेपर्यंत गेलं. तेव्हापासून दर वर्षी मी तिच्याच प्रमाणाने करते. त्या दिवशीही तशाच केल्या.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, स्वारगेटहून वाघोलीची बस धरली. दीड तास. वाटेत मी वाक्यं जुळवत होते आणि दर सिग्नलला विसरत होते. पत्ता इमारतीतल्या एकीकडून घेतला होता, पण फ्लॅट शोधायची गरज पडली नाही. लिफ्टमधून बाहेर आले तर दारावर नाव, बेलवर नाव, चपलांच्या कपाटावर नाव, कुंडीवर नाव. वसंतराव ठणठणीत होते म्हणायचे.

शैलाने दार उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेले.

"सापडलं का घर?" ती म्हणाली.

"न सापडायला काय झालं? कुंडीवरसुद्धा पाटी आहे."

"आत ये. दारात उभी राहू नकोस, मांजर बाहेर जातं."

मी आत गेले आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, कारण बसले असते तर पुन्हा अकरा वर्षं गेली असती. "शैला, मी ते डब्याचं बोलले ते फार वाईट बोलले. मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्याकडे यायचं धाडस झालं नाही. चुकलं माझं."

शैला तडक वळली. स्वयंपाकघरात गेली आणि स्टुलावर चढल्याचा आवाज आला. परत आली ती माझा डबा घेऊन. लख्ख घासलेला.

"रिकामा आहे," ती म्हणाली. "तू कळवून आली असतीस तर भरून ठेवला असता."

"मला उशिरा कळलं गं. कालच वाचलं तुझं. साइटवर लिहिलं होतंस ते."

"काय लिहिलं होतं?"

मी पाठ म्हणून दाखवलं. डबा, रिकामा देववत नाही, दार उघडशील की नाही, पाऊण वाटी, शनिवारी वाघोली. म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की शैला भिंतीला टेकली आहे.

"वैजू," ती म्हणाली, "हे मी टाइप केलं होतं. पण पाठवलं नव्हतं."

मी तेव्हा कुठे खाली बसले.

"पाठवायचं बटण दाबणार, तेवढ्यात लाइट गेले. आले तेव्हा कॉम्प्युटर सुरूच होईना. आवराआवरीत तो तसाच राहिला. म्हटलं, नसेल नशिबात... मग शनिवारी वाटलं, बेल वाजवून तोंडी सांगावं. तुझ्या दारासमोर उभीही राहिले."

"माहीत आहे. मी आतून बघत होते."

"मलाही माहीत आहे. भिंगात अंधार झाला होता."

वसंतराव सोफ्यावर बसून हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "हिने हे मलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि तो कॉम्प्युटर मी जाताना भंगारात दिला." मग टेलिफोन खात्यातली चौकस वृत्ती जागी झाली. "वैजूताई, तुमच्या कॉम्प्युटरला अलीकडे काही केलं होतं का?"

"पाटसकरांकडून जुनी रॅम आणून बसवली. गेल्याच आठवड्यात."

वसंतराव एकदम ताठ झाले. "लेबलवर काही लिहिलंय का हो?"

मी घरी व्हिडिओ कॉल लावला. ह्यांनी झाकण उघडलं, पट्टी काढली, चष्म्यावर भिंग धरलं. आम्ही तिघं मोबाइलवर डोकी जोडून बसलो होतो. ह्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं — "व... सं... त."

शैला नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला."

ह्यांनी फोनवरून ओरडून सांगितलं, "म्हणजे उलगडा झाला! त्यांच्या कॉम्प्युटरमधलं आपल्यात आलं!" नाही हो, नाही झाला उलगडा. इथेच तर माझी पंचाईत आहे. नववीच्या वर्गाला मी शिकवत आले — रॅममधलं सगळं वीज असेपर्यंतच टिकतं. वीज गेली की पाटी कोरी. टिकवायचं काम हार्ड डिस्कचं, आणि ती आमची जुनीच आहे. ती पट्टी सहा वर्षांत किती हातांतून आणि खोक्यांतून गेली असेल, देव जाणे. एवढ्या पुण्यातून ती आमच्याच घरी यावी, हा एक वेळ योगायोग म्हणू. पण तिच्यात चार ओळी शिल्लक राहाव्यात? आणि त्या बंद पडलेल्या साइटच्या पानावर, बरोबर माझ्या प्रतिसादाखाली, वायर नसताना उमटाव्यात?

मी पाटसकरांना जाऊन विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पान तुमच्या डिस्कवर कुठेतरी साठलेलं असेल," म्हणाले.

"पान असेल हो. न पाठवलेला प्रतिसाद कसा असेल?"

त्यांनी भिंग वर केलं, खाली केलं. "ते नाही सांगता येणार. रॅम परत करायला आला असाल तर पाटी वाचा."

ह्यांनी नंतर तारीख न लावता सुरू करून बघितला. मंगळवारी सव्वाअकराला बरोबर बघितला. कोथिंबीर हातात घेऊनसुद्धा बघितला. काही नाही. रॅम तीच आहे, पट्टीवर 'वसंत' आहे, पडद्यावर 'हे पान दाखवता येत नाही.' लेक म्हणते, आई, तू जुनं काहीतरी आठवून लिहिते आहेस. पण जे मी कधी वाचलंच नव्हतं ते आठवणार कुठून?

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. शैलाने माझी गुळपोळी मोडून तोंडात घातली, कड आधी. चावली. माझ्याकडे बघितलं. "अर्धी वाटी?"

"अर्धी वाटी."

"आणि मी मूर्ख इतकी वर्षं पाऊण घालतेय!" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की मांजर बाहेर गेलं आणि वसंतरावांना ते शोधायला पाच मजले उतरावं लागलं.

मी अजूनही भूतखेत मानत नाही. त्या दिवसाचं कारण काहीतरी असणारच, मला ते सापडलेलं नाही एवढंच. ज्यांना कॉम्प्युटरमधलं खरोखर कळतं त्यांनी जरूर कळवावं. सोसायटीच्या नंबरवर फोन केलात तरी चालेल. फक्त बुधवारी करू नये. परवा शैलाने डब्यातून चकल्या दिल्या आहेत, तो रिकामा ठेवता येत नाही — बुधवारी मी वाघोलीला असते.